दगडाचा चंद्र

वेधशाळेत तिला सगळे कक्षाबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लहानमोठे दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांतला कुठला, कधी, आकाशात नेमका कुठे असेल याचं गणित मांडणं हे तिचं काम. तिची खोली तळमजल्यावर होती, मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीला लागून. तिथे कुणी सहसा फिरकत नसे, आणि त्याबद्दल तिची कधी तक्रारही नव्हती.

त्या लाखो दगडांत एक दगड मात्र तिचा होता. त्याला नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. सूर्याभोवतीची एक फेरी त्याला पाच वर्षांहून थोडी जास्त पडे, स्वतःभोवती एक गिरकी आठ तासांत होई, आणि रंगाने तो कोळशासारखा काळाकुट्ट होता. आकार अंदाजे असा, की वर रस्ता असता तर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोटारीला दीडएक तास लागला असता. "ही माझी सवत," असं तिचा नवरा पाहुण्यांना सांगायचा. "रात्री हिच्या उशाशी माझ्याआधी ती असते." नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. लोकांच्या आतलं बघायची त्याची रोजचीच सवय, त्यामुळे बायकोचं हे वेड त्याला फारसं जगावेगळं वाटत नसे.

तीन वर्षांपूर्वी त्या दगडाच्या प्रकाशात तिला काहीतरी खटकलं होतं. दगड ओबडधोबड असल्यामुळे फिरताना त्याचा प्रकाश कमीजास्त व्हायचाच, ते ठरलेलं होतं. पण काही दिवसांच्या अंतराने तो नेहमीपेक्षा एक चिमूटभर जास्त मंद व्हायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा जागेवर यायचा. तिने महिनाभर त्याचा पिच्छा पुरवला आणि शेवटी स्वतःशीच म्हणाली, याला चंद्र आहे. बारका का असेना, पण याच्याभोवती फिरणारा आणि अधूनमधून याच्या आड येणारा एक चंद्र आहे.

शोधनिबंध पाठवला, तो परत आला. तपासणाऱ्याने लिहिलं होतं, की एवढा फरक यंत्रातल्या गोंधळानेही पडू शकतो, पुन्हा दाखवा. आणि पुन्हा दाखवणं तिच्या हातात नव्हतं. दगड पुढे सरकला, पृथ्वीवरून बघायचा कोन बदलला, आणि तो चंद्र दगडाच्या आड येईनासाच झाला. कोन पुन्हा जुळायला काही वर्षं जाणार होती. संचालक चांगला माणूस होता, पण तोही म्हणाला, "बाई, सोडून द्या आता. एका दगडापायी किती वर्षं घालवणार?"

तिने सोडलं नाही. नुसतं त्याबद्दल बोलणं सोडलं.

आणि एका सकाळी गणित करता करता ती खुर्चीतून उठलीच. पुढच्या महिन्यात तो दगड एका बऱ्यापैकी तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जाणार होता. ताऱ्याच्या उजेडात दगडाची सावली पृथ्वीवर पडणार होती, दगडाएवढ्याच रुंदीची, आणि ती सुसाट वेगाने जमिनीवरून निघून जाणार होती. सावलीच्या वाटेवर जो उभा असेल त्याला तारा काही सेकंद विझलेला दिसेल. बरेच जण वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहिले आणि प्रत्येकाने आपली वेळ नीट टिपली, तर त्या सगळ्या वेळा जोडून दगडाचा आकार काढता येतो. हे सगळं नेहमीचंच. पण ही सावली तिच्या स्वतःच्या जिल्ह्यावरून जाणार होती, आणि तीही दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात. आयुष्यात असं एकदा होतं, बहुतेकांच्या तर तेवढंही होत नाही.

संचालकाने उत्साहाने पाच दुर्बिणी मोकळ्या करून दिल्या. त्या पाचही सावलीच्या पट्ट्यात लावायच्या ठरल्या. मग तिने सहावी मागितली.

"ती कुठे लावणार?" त्याने विचारलं.

"उत्तरेला. पट्ट्याच्या बाहेर."

"बाहेर? बाहेर तर तारा झाकलाच जाणार नाही."

"दगडाने नाही झाकला जाणार," ती म्हणाली. "चंद्राने झाकला जाईल."

संचालकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, तो चंद्र आहे असं धरून चाललो, तरी तीन वर्षांनी तो कक्षेत नेमका कुठे असेल हे तुम्हाला सांगता येणार आहे का?"

"अंदाजाने. त्याची सावली ज्या पट्टीत पडू शकते, ती पट्टी त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या तिप्पट आहे."

"म्हणजे त्या पट्टीत कुठेही उभ्या राहिलात तरी तिनांतला एक डाव तुमचा, दोन वाया जाण्याचे. आणि मुख्य पट्ट्यात उभ्या राहिलात तर शंभर टक्के हाती काहीतरी लागणार. तुमच्या आवडत्या दगडाचा आकार पहिल्यांदा मोजला जातोय, आणि तुम्ही स्वतः भलतीकडे जाऊन उभ्या राहणार? लोक काय म्हणतील?"

त्याचं बोलणं वाजवी होतं, हीच पंचाईत होती. ती दोन दिवस नीट जेवलीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने जाऊन सांगितलं, की सहावी दुर्बीण नसेल तर मी माझी स्वतःची नेईन, पण मी उत्तरेलाच जाणार. संचालकाने हात टेकले.

पण एकटीने तारा गेलेला पाहिला, तर कुणीही म्हणेल की पाखरू आडवं गेलं असेल. दुसरा साक्षीदार हवा होता, तोही तिच्यापासून थोडा लांब, पण त्याच पट्टीत. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक हौसेने आकाश बघत, आणि स्वतः घासलेल्या आरशाची दुर्बीण बाळगून होते. ती त्यांच्याकडे गेली आणि काही न लपवता सांगितलं, "काका, बहुतेक काहीच दिसणार नाही."

"ताई, चष्म्याच्या धंद्यात निम्मी गिऱ्हाइकं हेच म्हणत येतात," चष्मेवाले म्हणाले. "कुठे उभं राहायचं तेवढं सांगा."

त्या संध्याकाळी नवऱ्याची नेमकी दवाखान्यात पाळी लागली. बदली मिळवायला त्याने आकाशपाताळ एक केलं, पण जमलं नाही. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मी नेते. त्यात काय एवढं."

सासूबाईंनी तीसेक वर्षं शाळेची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली होती, आणि ती त्या अजूनही मागे चाळीस पोरं बसलेली असल्यासारखीच चालवत. प्रत्येक वळणावर त्यांची नजर आधी आरशाकडे जाई. जिल्ह्यातला रस्तान् रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. सुनेच्या दगडाबद्दल त्यांचं मत सरळ होतं: "इतक्या लांबच्या धोंड्यासाठी पोरगी जेवण टाकते, म्हणजे त्यात काहीतरी असणारच."

दुपार टळायच्या आत दोघी ठरलेल्या जागी पोहोचल्या. गावाबाहेरचं एक मोकळं शेत होतं, मालकाची परवानगी आधीच घेतलेली. तिने दुर्बीण उभी केली, कॅमेरा जोडला, उपग्रहावरून वेळ घेणारं यंत्र तपासलं. सगळं ठीक होतं. आणि सूर्य कलता कलता पूर्वेकडून ढग यायला लागले.

आधी वाटलं, विरतील. ते विरले नाहीत. उलट एकावर एक चढत गेले आणि ज्या कोपऱ्यात तो तारा उगवून वर यायचा होता, तो कोपरा झाकून बसले. मुख्य पट्ट्यातल्या पाचही जणांचे दक्षिणेकडून फोन आले: आमच्याकडे आकाश स्वच्छ आहे, तुमच्याकडे कसं काय? तिने कसंबसं उत्तर दिलं. चष्मेवाल्यांचाही फोन आला. ते पुष्कळ पुढे, पश्चिमेला होते. "ताई, माझ्याकडे आत्ता तरी मोकळं आहे," ते म्हणाले. "तुम्ही इकडे या ना."

"तुमच्या शेजारी उभी राहून काय उपयोग, काका? दोघांनी एकाच ठिकाणाहून बघितलं तर ते एकाने बघितल्यासारखंच." तिने फोन ठेवला आणि व्हॅनच्या पायरीवर बसली. "झालं आई. तीन वर्षं गेली पाण्यात."

सासूबाई बोनेटला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ढगांकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"रडायचं असेल तर नंतर रड. मला आधी एक सांग. तुला याच शेतात बसायला हवं, असं काही आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे इथून हललं तर गणित बिघडतं का?"

ती ताडकन उठली. "नाही! उत्तर-दक्षिण हललं तर बिघडतं. सावली जाते त्याच दिशेने पुढेमागे गेलं, तर काहीच बिघडत नाही. फक्त दोनचार सेकंदांचा फरक पडेल, तो मला धरता येतो." तिने फोनवर नकाशा उघडला आणि बोटाने सावलीची रेघ दाखवली. "अशी. या रेघेवर कुठेही. पण पश्चिमेला, ढगांच्या बाहेर."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून नकाशा डोळ्यांजवळ धरला. "मोठा रस्ता नको, तो खाली दक्षिणेला वळतो. कालव्याकडेचा रस्ता धरायचा. पुढे दोन फाटे सोडले की जुनी शाळा येते, मोठं मैदान आहे. तुझी रेघ मैदानावरूनच जाते बघ." त्यांनी व्हॅनचं दार उघडलं. "उचल तुझा बाडबिस्तरा."

ते सामान कसं गोळा झालं, हे तिला पुढे कधीच नीट आठवलं नाही. दुर्बीण तिने बाळासारखी मांडीवर घेतली. सासूबाईंनी गाडी अशी काही हाणली, की कालव्याकडेची झाडं एकमेकांत मिसळून गेली. "आई, जरा हळू!" ती एकदा ओरडलीच. "पोरं मागे बसलेली असताना मी हळू चालवायची," सासूबाई म्हणाल्या. "आज मागे कुणी नाही."

शाळेचं फाटक बंद होतं. सासूबाईंनी तीनदा हॉर्न वाजवला, दोन आखूड आणि एक लांब. आतून पहारेकरी चपला अडकवत धावतच आला. "बसवाल्या बाई! अहो, किती वर्षांनी!" त्याने काही विचारायच्या आधीच व्हॅन मैदानाच्या मधोमध जाऊन थांबली होती. सासूबाईंनी खाली उतरून त्याला फर्मावलं, "मैदानावरचे दिवे बंद कर. सगळे. का ते नंतर सांगते."

वर आभाळ मोकळं होतं. ढगांची कड मागे, पूर्वेच्या झाडांवर अडकल्यासारखी दिसत होती, पण ती हळूहळू इकडेच सरकत होती. तिने गुडघे मातीत टेकून दुर्बीण जुळवायला घेतली. वारा सुटला होता, आणि पडद्यावर तारा नुसता नाचत होता. सासूबाईंनी व्हॅन फिरवून वाऱ्याच्या आड उभी केली. तारा शांत झाला.

"हाच का तो?" त्यांनी पडद्यावर वाकून विचारलं.

"हाच. आणि त्याच्या अगदी अंगाशी आलेला आपला दगड आहे, पण तो इतका मंद की वेगळा दिसायचा नाही."

मुख्य सावलीची वेळ जवळ आली. तिने कॅमेरा चालू केला. पलीकडे, दक्षिणेला, आत्ता पाच जण श्वास रोखून बसले असतील, हे तिला ठाऊक होतं. वेळ आली. तारा तसाच जळत होता. वेळ गेली. तारा तसाच.

"गेली का वेळ?" सासूबाई कुजबुजल्या.

"दगडाची गेली. चंद्राची अजून..." चंद्राची सावली मागून यायची होती, अर्ध्या मिनिटानंतर कधीही. ढगांची कड आता जवळजवळ ताऱ्याला टेकली होती. तिने पापणीही हलवली नाही. अर्धं मिनिट सरलं. आणखी थोडं सरलं. संचालकाचं बोलणं तिच्या कानात घुमायला लागलं: भलतीकडे जाऊन उभ्या राहणार?

आणि तारा विझला.

विरत विरत नाही, थरथरत नाही. कुणी बटण दाबावं तसा. पडद्यावर काळोख होता, आणि त्या काळोखात एक पुसटसा ठिपका, दगडाचा स्वतःचा. मग तारा तितक्याच झटक्यात परत आला.

"गेला! अगं, गेला!" सासूबाई ओरडत होत्या. "आला! आला बघ परत!" त्यांनी सुनेचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. पहारेकरी लांबून पळत आला, कुणाला काही चावलं की काय म्हणून. ती मातीत बसून हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

फोन वाजला. चष्मेवाले होते. "ताई, मी... माझ्याकडे..."

"काका, थांबा!" ती जवळजवळ किंचाळली. "एक शब्द बोलू नका. मीही काही सांगत नाही. तुमचं चित्रीकरण आहे तसं सरांना पाठवा, माझं मी पाठवते. आपण एकमेकांना सांगितलं, तर उद्या लोक म्हणतील की ठरवून केलं."

मग चष्मेवाले म्हणाले, "बरं. पण ताई, आज मला झोप लागणार नाही, एवढं सांगायला हरकत नाही ना?"

तेवढ्यात ढगांनी तारा गिळला. आता गिळला तरी चालणार होता.

सकाळी ती वेधशाळेत पोहोचली, तेव्हा संचालक तिच्या तळमजल्याच्या खोलीत, तिच्याच खुर्चीत बसून होता. केस विस्कटलेले, अंगात कालचाच शर्ट. समोरच्या पडद्यावर दोन आलेख एकाखाली एक लावलेले होते. दोन्हींत सरळ रेघ, मग एक खोल खड्डा, मग पुन्हा सरळ रेघ. एक तिचा, एक चष्मेवाल्यांचा. तिच्याकडचा खड्डा थोडा रुंद होता, त्यांच्याकडचा थोडा अरुंद. आणि दोघांच्या वेळांतला फरक त्यांच्यामधल्या अंतराशी तंतोतंत जुळत होता. एकच गोल सावली दोघांवरून गेली होती.

"पाखरू एवढ्या अंतरावर दोनदा आडवं जात नाही," संचालक म्हणाला. तो उठून उभा राहिला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. "बसा. मी चुकलो होतो. आणि आज चुकल्याचा मला जेवढा आनंद झालाय, तेवढा बरोबर असल्याचा आजवर झाला नव्हता."

मग पुढचे काही आठवडे नुसती धांदल होती. मुख्य पट्ट्यातल्या पाच जणांच्या वेळा जोडल्यावर दगडाचा आकार हाती आला. एका बाजूने फुगलेला, दुसऱ्या बाजूने चेपलेला, एखाद्या जुन्या बुटासारखा. चंद्र किती लांब आहे ते सावल्यांतल्या अंतरावरून कळलं, फेरीला किती दिवस लावतो ते तिच्या जुन्या निरीक्षणांतून कळलं, आणि त्या दोन्हींवरून दगडाचं वजन निघालं. कोट्यवधी किलोमीटरवरच्या एका धोंड्याचं वजन तिने आपल्या टेबलाशी बसून केलं होतं. आकारमानाने वजनाला भागल्यावर जे आलं, ते पाहून तिने गणित चारदा तपासलं. पाण्यापेक्षा जेमतेम जड.

घरी जेवताना तिने हे सांगितलं, तेव्हा नवरा घास हातात धरूनच थांबला. "म्हणजे सवत आतून पोकळ?"

"पोकळ नाही रे, सैल. अख्खा दगड नाहीच तो. कधीतरी कशाने तरी फुटला असणार, आणि तुकडे आपल्याच ओढीने पुन्हा एकत्र आले असणार. मध्ये मध्ये फटी राहिल्या. त्यातलाच एक तुकडा बाहेर राहून भोवती फिरतोय, असं मला वाटतं."

"काही का असेना, एकत्र राहिलेत," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी वाढलं.

निबंध या वेळी परत आला नाही. त्यावर दोन नावं होती, तिचं आणि चष्मेवाल्यांचं. चष्मेवाल्यांनी तो चौकटीत घालून दुकानात लावला, नजर तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी, आणि गिऱ्हाइकांना त्यातली बारीक ओळ वाचायला लावायला सुरुवात केली. निबंधाच्या शेवटी आभारांत पहिलं वाक्य सासूबाईंसाठी होतं. त्यांनी ते मोठ्याने तीनदा वाचून घेतलं आणि मग म्हणाल्या, "व्हॅनचंही लिहायला हवं होतं."

आणि मग एका दुपारी, वेधशाळेतली मंडळी जेवायला बसलेली असताना, जगातल्या सर्वांत मोठ्या दुर्बिणींपैकी एकीवरून चित्र आलं. तिच्या निबंधावरून कुणीतरी ती दुर्बीण तिच्या दगडाकडे वळवली होती. संचालकाने ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावलं. काळ्या पार्श्वभूमीवर एक लांबट, चेपलेला ठिपका, आणि त्याच्या बाजूला, तिने सांगितलं होतं तिथेच, दुसरा. इवलासा. खणखणीत.

कुणीतरी डबा बाजूला सारून टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग खुर्च्या सरकल्या आणि सगळेच उभे राहिले. पंप सांभाळणारा, हिशेबनीस, वरच्या मजल्यावरचे मोठमोठे शास्त्रज्ञ, सगळे. टाळ्या थांबेनात. ती पडद्याजवळ गेली. आपल्यावर सगळ्यांच्या नजरा आहेत याचं तिला भानच नव्हतं. तिने हात वर करून त्या लहान ठिपक्याला बोट लावलं, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात दोन्ही ठिपके तिच्या हातावर आले.

"बाई, बोला की काहीतरी!" मागून कुणीतरी ओरडलं.

ती वळली. आभाळ ठेंगणं झालेल्या माणसाला शब्द कुठून सुचणार?

"याची कक्षा अजून नीट काढायचीय," ती म्हणाली. "जेवून घ्या लवकर. मला मदत लागेल."